बीड वाढलं, तरी घरांना कुलूप: गावातलं स्थलांतर मोजायचं कसं?

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या एका गावात स्थलांतराची पाहणी करायची आहे. जनगणनेत गावाची लोकसंख्या वाढलेली दिसते, पण दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप असतं. मग खरं काय मानायचं, आणि बाहेर गेलेली माणसं मोजायची कशी?

दोन्ही खरं आहे. जनगणना एका ठरावीक दिवशी कोण कुठे होतं ते सांगते. तुम्हाला हवं आहे ते वर्षभरात कोण किती महिने कुठे होतं. पहिल्या आकड्यातून दुसरा काढायला गेलात तर उत्तर नुसतं थोडंफार चुकत नाही, उलट्या दिशेला जातं. ते कसं, हे आधी दोन जिल्ह्यांवर पाहू.

जिल्ह्यातून किती माणसं बाहेर गेली हे काढण्याची सर्वांत सोपी आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत अशी: राज्याची दशकवाढ घ्यायची, त्या दराने जिल्हा वाढला असता तर किती झाला असता ते काढायचं, आणि प्रत्यक्ष आकडा त्यातून वजा करायचा. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला. रत्नागिरी जिल्हा २००१ मध्ये १६,९६,७७७ होता. राज्याच्या दराने तो सुमारे १९.६८ लाख व्हायला हवा होता. झाला १६,१५,०६९. तूट सुमारे ३.५३ लाख. आता हेच बीडला लावा. २००१ मध्ये २१,६१,२५०, अपेक्षित सुमारे २५.०७ लाख, प्रत्यक्षात २५,८५,०४९. म्हणजे ७८ हजार जास्त! या रीतीप्रमाणे बीडमधून लोक बाहेर जात नाहीत, उलट बाहेरून बीडमध्ये येऊन राहतात. राज्यात ऊसतोडीसाठी सर्वांत जास्त माणसं ज्या जिल्ह्यातून निघतात, त्याच्याबद्दलचं हे उत्तर आहे.

बेरीज-वजाबाकीत चूक नाही. चूक गृहीतकात आहे. राज्याची वाढ म्हणजे जन्म-मृत्यूंमधली वाढ असं या रीतीने धरलेलं असतं, पण १५.९९ टक्क्यांत परराज्यांतून मुंबई-ठाणे-पुण्यात आलेली माणसंही आहेत. शिवाय हा एकच दर सगळ्या जिल्ह्यांना लावला आहे. रत्नागिरीत जन्म कमी आणि वृद्ध जास्त, म्हणून तिथली तूट फुगून दिसते. बीडमध्ये जन्मदर जास्त, म्हणून तिथली तूट झाकली जाते. तिसरी गोष्ट या सगळ्यांहून मोठी. कोकणातला माणूस मुंबईला जातो तो वर्षानुवर्षांसाठी, त्यामुळे तो रत्नागिरीच्या आकड्यातून निघून जातो. ऊसतोड्या पाच-सहा महिन्यांनी परततो, आणि दहा वर्षांच्या फरकात त्याच्या जाण्यायेण्याचा मागमूस राहत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल की जनगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा तर सगळे कारखान्यावर असतात, मग बीडचा आकडा कमी यायला नको का? मुद्दा बरोबर आहे. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, बेघरांची नोंद २८च्या रात्री झाली आणि संदर्भवेळ १ मार्चच्या मध्यरात्रीची होती. नियम असा की गणनेचे सगळे दिवस जो आपल्या नेहमीच्या घरापासून दूर आहे, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून राहिलेलं जोडपं तिथेच मोजलं जायला हवं. प्रत्यक्षात गावात मागे राहिलेली आजी मुलाचं, सुनेचं, नातवंडांचं नाव सांगते, "पाडव्यानंतर येतील" म्हणते, आणि प्रगणक लिहून घेतो. तिकडे कोप्यांचा तळ प्रगणकाच्या नकाशावर नुसतं शेत असतो. काही माणसं दोनदा लागतात, काही एकदाही लागत नाहीत. आणि २००१ची गणनाही फेब्रुवारीतलीच होती. दोन्ही वेळा चूक एकाच जातीची, म्हणून दोन आकड्यांचा फरक काढताना ती बरीचशी आपापसांत वजा होऊन जाते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगाम. त्यामुळे गावाचं हंगामी स्थलांतर नव्या जनगणनेतून आपोआप कळेल या भरवशावर थांबू नका.

जनगणनेच्या स्थलांतर-तक्त्यांबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी लोक 'स्थलांतरित' नोंदले गेले. बातम्यांत हा आकडा रोजगारासाठी घर सोडलेल्यांचा म्हणून वापरला जातो, ते चूक आहे. यातला सर्वांत मोठा गट लग्नानंतर सासरी गेलेल्या बायकांचा आहे. शेजारच्या गावी दिलेली मुलगीसुद्धा त्यात येते. 'जन्मानंतर स्थलांतर' असंही एक कारण तिथे आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि दोन महिन्यांनी बाळ वडिलांच्या घरी आलं की ते तक्त्यात स्थलांतरित ठरतं. तेव्हा हे तक्ते वापरताना आधी कारण पाहा, मग राहण्याचा कालावधी पाहा आणि शेवटी एकूण आकडा पाहा. एका गावासाठी हे तक्ते तसेही उपयोगाचे नाहीत.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८च्या ६४व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या अशी केली: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात ३० दिवस किंवा जास्त, पण ६ महिन्यांपेक्षा कमी काळ गाव सोडून राहिलेली व्यक्ती. त्याआधी १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत हीच खालची मर्यादा ६० दिवसांची होती. या दोन फेऱ्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून 'स्थलांतर वाढलं' असा निष्कर्ष काढलेला दिसला तर तो मानू नका. ऊसतोडीला वरची मर्यादा जास्त अडते. दसऱ्याला गेलेली टोळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परतली तर साडेसहा महिने होतात, आणि ही माणसं 'अल्पकालीन' या रकान्यातून बाहेर पडतात. त्यात पाहणी करणारा जानेवारीत आला तर घराला कुलूप, मग तो शेजारचं उघडं घर बदली म्हणून घेतो. जे घर मोजायला तो आला होता, नेमकं तेच वगळलं जातं.

म्हणून तुमच्या पाहणीसाठी व्याख्या सैल ठेवा: गेल्या बारा महिन्यांत कामासाठी सलग ३० दिवस किंवा जास्त गावाबाहेर राहिलेली, आणि तिच्याबरोबर गेलेली प्रत्येक व्यक्ती. वरची मर्यादा नको. मात्र प्रत्येकाचे महिने लिहा. महिने हातात असले की नंतर कोणाचीही व्याख्या लावून आकडा काढता येतो. 'जातो/जात नाही' एवढंच लिहिलं असेल तर काहीच करता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम.

पहिली फेरी पोळ्यानंतर सुरू करून घटस्थापनेच्या आत संपवा. तेव्हा गाव जास्तीत जास्त भरलेलं असतं. घरांची यादी स्वतः करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाताशी असू द्या, पण त्यावर यादी बांधू नका. तो कर आकारणीसाठी आहे, त्यात मिळकती असतात. एका मिळकतीत तीन चुली असतात आणि गायरानातल्या किंवा शेतातल्या वस्त्यांवरची घरं कधीकधी नसतातच. शिधापत्रिकेची यादीही नको, कारण एकत्र जेवणाऱ्या भावांची कार्डं वेगळी आणि वेगळ्या राहणाऱ्यांचं कार्ड एक, असं सर्रास असतं. मोजायचं एकक म्हणजे चूल. इथे एक अडचण येते. गावात एकत्र जेवणारं कुटुंब हंगामात फुटतं: थोरला मुलगा-सून कारखान्यावर, धाकटा दुसऱ्या टोळीत, म्हातारी नातवंडांसह गावात. भाद्रपदात जी चूल होती तीच वर्षभरासाठी कायम धरा, तिला क्रमांक द्या आणि पुढच्या फेरीत तोच वापरा. वस्ती आणि तांडे शेवटी करू असं म्हणू नका, तेच आधी करा. टोळ्या तिथूनच सर्वांत आधी हलतात.

वेळेचा अंदाज: एका घराला २५ ते ३० मिनिटं लागतात आणि माणसं सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळीच भेटतात. एक जण दिवसाला ८ ते १० घरं करतो. २४० घरांच्या गावाला दोघांना दोन आठवडे धरा.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "तुमच्या घरातून स्थलांतर होतं का?" याला उत्तर येतं "नाही." आपण स्थलांतर करतो असं कोणी म्हणत नाही, लोक 'कारखान्याला जातात', 'तोडीला जातात', 'पुण्याला असतात'. म्हणून विचारा: "गेल्या वर्षी कारखान्याला कोण कोण गेलं होतं? गाडी कधी आली? पट्टा कधी पडला?" हंगाम संपण्याला पट्टा पडणं म्हणतात, आणि तो कधी पडला हे घरातल्या प्रत्येकाला पक्कं आठवतं. इंग्रजी महिने विचारू नका. प्रत्येक व्यक्तीसाठी बारा चौकोनांची एक ओळ आखा आणि वर पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया अशा खुणा टाका. अगदी अलीकडच्या सणापासून मागे जात विचारा: "पाडव्याला कुठे होतात? होळी कुठे झाली? संक्रांत?" प्रत्येक चौकोनात एक खूण: गावात, ऊसतोड, वीटभट्टी, शहरात काम, शिक्षण, माहेर. पाच माणसांच्या घरात हे दहा मिनिटांत होतं आणि उत्तरं एकमेकांना ताडून पाहता येतात. नवरा दिवाळीनंतर तोडीला आणि बायको गावात, अशी ओळ आली की पुन्हा विचारा. कधी ते खरं असतं, म्हणजे तो एकटाच, अर्धा कोयता म्हणून गेलेला असतो. कधी बायकोचं नाव सांगायचं राहिलेलं असतं.

कोयत्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वाधिक चुका होतात. कोयता म्हणजे हत्यार, तसं मजुरीचं एककही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, खाडा झाला की दंड कोयत्यावर बसतो, टोळीही कोयत्यांतच मोजतात. साहजिकच गावात विचारलं की "आमच्याकडून शंभर कोयते जातात" असं उत्तर येतं आणि अहवालात ते दोनशे माणसं म्हणून उतरतं. समजा गावात १,१५० माणसं आणि २४० घरं आहेत. ९५ कोयते जातात. त्यातले ८० पूर्ण, १५ अर्धे. कामगार झाले १६० अधिक १५, म्हणजे १७५. त्यांच्याबरोबर ६२ मुलं आणि ती सांभाळायला १३ वृद्ध गेले. एकूण २५० माणसं. ९५ गुणिले २ केलं असतं तर १९० आले असते: कामगार पंधरांनी जास्त, माणसं साठांनी कमी. पंधरा कामगार जादा धरले गेले म्हणून फरक साठांचा दिसतो. खरं तर सुटली पंच्याहत्तर माणसं, आणि त्यातली बासष्ट मुलं. शाळा, अंगणवाडी, लसीकरण यांचा विचार ज्यांच्यासाठी करायचा, तीच हिशेबातून गेली.

मुकादमाची, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराची, यादी मिळाली तर घ्या, पण ती गावाची यादी समजू नका. त्याच्या टोळीत शेजारच्या तीन गावांचे लोक असतात, आणि तुमच्या गावातले काही दुसऱ्या मुकादमाकडे. दोघांकडून उचल घेतलेलं जोडपं दोन्ही याद्यांत सापडतं.

दुसरी फेरी जानेवारीत, संक्रांतीच्या पुढेमागे करा. ती छोटी असते: प्रत्येक क्रमांकाच्या घरी जाऊन कुलूप आहे की नाही, आत कोण आहे, त्यांच्यासाठी कोण रांधतं, एवढंच. कुलपांचेही प्रकार लिहा: हंगामापुरतं, शहरात स्थायिक झाल्याचं, शेतातल्या वस्तीवर राहायला गेल्याचं, घर वापरातच नसल्याचं. वरच्याच उदाहरणात २४० पैकी ९२ घरांतून कोणी ना कोणी गेलं, पण कुलूप लागलं ५८ घरांना. उरलेल्या ३४ घरांत म्हातारी माणसं आणि मुलं आहेत. आता आकडे पाहा. कुलूपबंद घरं २४ टक्के. ज्यांच्यातून कोणी गेलं अशी घरं ३८ टक्के. जानेवारीत गावाबाहेर असलेली माणसं १,१५० पैकी २५०, म्हणजे २२ टक्के. आणि वर्षाचा हिशेब केला तर एकूण १,१५० गुणिले १२ म्हणजे १३,८०० माणूस-महिने, त्यातले २५० गुणिले प्रत्येकी सरासरी साडेपाच महिने म्हणजे १,३७५ बाहेर, म्हणजे १० टक्के. एकाच गावाचे, एकाच वर्षाचे, चार खरे आकडे. 'निम्मी घरं बंद' हे गावात सगळे मनापासून सांगतात, पण कुलपं मोजल्यावर तो आकडा बहुधा खाली येतो. माणसाला गजबजलेली गल्ली ओस पडलेली दिसते, मागे राहिलेली म्हातारी दिसत नाही. कोणता आकडा वापरायचा ते कामावर ठरतं. जानेवारीत किती मुलांसाठी वसतिगृह हवं याला २२ टक्क्यांच्या मागची यादी लागते. वर्षाला पाणी किती लागेल याला माणूस-महिने लागतात. अहवालात एकच आकडा देऊ नका, आणि प्रत्येक आकड्याचा भाजक शेजारी लिहा.

कायमचं स्थलांतर वेगळं काढा. त्यासाठी समीकरण सरळ आहे: दोन गणनांमधला फरक, वजा जन्म, अधिक मृत्यू. समजा २०११ मध्ये १,०२० माणसं होती, आज १,१५०. वाढ १३०. या काळात गावच्या कुटुंबांत ३१० जन्म आणि ११५ मृत्यू झाले, म्हणजे नैसर्गिक वाढ १९५. उत्तर उणे ६५: निव्वळ पासष्ट माणसं गावाबाहेर गेली. पण हाच हिशेब ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीवर केला तर? जन्म जिथे घडतो तिथे नोंदला जातो. बाळंतपणं तालुक्याच्या रुग्णालयात होतात, पहिली खेप माहेरी होते, काही थेट कारखान्याच्या गावी होतात. गावच्या वहीत ३१० पैकी १९० जन्म सापडले तर नैसर्गिक वाढ ७५ निघते आणि उत्तर येतं अधिक ५५. चिन्हच उलटलं. म्हणून जन्म आशाताई आणि अंगणवाडीच्या नोंदींतून घ्या, आणि पहिल्या फेरीत प्रत्येक घरी मुलांची जन्मवर्षं विचारून ते ताडा. आणखी एक: २०११चा आकडा महसुली गावाचा आहे. तुमची ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावं असू शकतात. हद्द जुळवल्याशिवाय वजाबाकी करू नका.

पडताळणीसाठी लोक पटकन तीन ठिकाणी धावतात. शाळेचा हजेरीपट: मुलं गेली तरी नावं पटावर राहतात, म्हणून ऑक्टोबरात आणि जानेवारीत दोन-दोन दिवस वर्गात बसलेली डोकी स्वतः मोजा, हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. रेशनची उचल: घरातल्या एकाच्या अंगठ्यावर सगळ्यांचं धान्य निघतं, त्यामुळे धान्य उचललं म्हणजे कुटुंब गावात आहे असं ठरत नाही. मतदार यादी: वर्षानुवर्षं पुण्यात राहणाऱ्याचं नाव गावात असतंच, तिच्यावरून काहीही काढू नका.

वयाची एक चाचणी मात्र जरूर करा. २३ ते ६२ वयाची सगळी माणसं घ्या आणि त्यातली ० किंवा ५ने संपणारी वयं मोजा. नैसर्गिकपणे ती पाचातली एक, म्हणजे २० टक्के असायला हवीत. ४० टक्के निघाली तर तुमचा माणूस अंदाजाने तीस-पस्तीस लिहीत सुटला आहे. त्याला परत पाठवा. तरुण सुनांच्या वयाकडे वेगळं लक्ष द्या. कोयता पूर्ण करायला जोडपं लागतं, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात आणि सोळा वर्षांची मुलगी कागदावर एकोणीसची होते. वय थेट विचारण्याऐवजी "शाळा कितवीत सोडली, आणि त्याला किती दिवाळ्या झाल्या?" असं विचारलं की खरं वय बरंचसं कळतं.

इथवर झालं ते 'किती'. 'का' या प्रश्नाला बहुतेक प्रकल्प दोन रकान्यांत उत्तर देतात: ढकलणारी कारणं आणि ओढणारी कारणं. दुष्काळ, कोरडवाहू जमीन, कर्ज एका बाजूला. मजुरी, रोख रक्कम दुसऱ्या बाजूला. यात खोटं काही नाही, पण शेजारशेजारच्या दोन गावांत पाऊस तोच, जमीन तीच, आणि एकातून ऐंशी कोयते तर दुसऱ्यातून पाच, असं का, हे त्यातून कळत नाही. हे समजायला जाण्याचा निर्णय एकट्या घराचा नसतो हे लक्षात घ्यावं लागतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये याचा सोपा नमुना मांडला. शंभर माणसं आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता उठतो, दुसरा एक जण उठलेला पाहून, तिसरा दोघं उठलेले पाहून, असं शेवटपर्यंत. शंभरही उठतात. आता दुसऱ्याच्या जागी दोघांची वाट पाहणारा माणूस ठेवा. पहिला एकटाच उठतो आणि पुढे कोणी हलत नाही. लोकांची सरासरी इच्छा जवळजवळ तीच, परिणाम शंभर विरुद्ध एक.

ऊसतोडीला हे तंतोतंत लागू पडतं. टोळी ठरावीक कोयत्यांची भरली तरच मुकादमाला वाहन आणि करार परवडतो. फडावर आजारपण, बाळंतपण, भांडण यांत आपलं माणूस जवळ लागतं, म्हणून भावकीतले चार जण निघाल्याशिवाय पाचवा निघत नाही. आणि गल्ली रिकामी झाली की मागे राहणाऱ्याला गावात कामही उरत नाही आणि सोबतही. म्हणून "का गेलात?" याला "सगळे गेले म्हणून" असं उत्तर आलं तर ते टाळाटाळ समजून खोडू नका, ते खरं कारण आहे. त्याच्यामागचा क्रम शोधा. प्रत्येक जाणाऱ्या घराला विचारा: उचल कोणत्या सणाच्या आसपास घेतली, कोणाकडून, तुमच्याआधी वस्तीतल्या कोणी घेतली होती, टोळीत नात्यातले किती, आणि मागच्या हंगामाची बाकी, म्हणजे न फिटलेली उचल, अंगावर किती होती. उत्तरं तारखेप्रमाणे लावली की दिसतं: सुरुवातीची काही घरं बाकी अंगावर असलेली असतात. त्यांना वाट पाहण्याची मुभाच नसते. त्यांच्यामागे नात्यातली, त्यांच्यामागे शेजारची. याचा उपयोग थेट आहे. गावात हिवाळी काम उभं करायचं असेल तर ते पहिल्या उचलीच्या आधी, म्हणजे आषाढ-श्रावणातच जाहीर व्हायला हवं. दिवाळीत सुरू केलेल्या कामावर कोणी येत नाही, कारण तोवर शब्द आणि पैसा दोन्ही दिले-घेतलेले असतात.

दुष्काळाच्या वर्षाचा अर्थ लावताना घाई करू नका. पाऊस नसला की जायला तयार असणारे वाढतात, पण त्याच दुष्काळाने पुढच्या हंगामाचा ऊस घटतो आणि पट्टा लवकर पडतो. माणसं जास्त आणि महिने कमी, असं चित्र येऊ शकतं. तोडणी यंत्रं आली तिथेही महिने आधी घटतात, माणसं नंतर. दरवाढीसाठी कोयता बंद आंदोलन झालं तर निघणं पुढे सरकतं. आणि २०२०चा उन्हाळा तुलनेला घेऊ नका: टाळेबंदीमुळे टोळ्या तळावरच अडकल्या होत्या, एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिल्यावर त्या परतल्या.

हीच पद्धत कोकणात जशीच्या तशी नेऊ नका. तिथे गेलेला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. त्या दिवसांत यादी केली तर गाव भरलेलं दिसेल. तिथे पाहणी पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर करा. तिथल्या स्थलांतराची खूण लिंगगुणोत्तरात असते: २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, बीडमध्ये ९१६. जोडप्याने जाण्यात ही खूण उमटत नाही, एकट्या पुरुषाने जाण्यात ती पिढ्यान् पिढ्या साचते.

शेवटची गोष्ट यादीबद्दल. तुमच्याकडे आता कोणावर किती बाकी आहे, कोण कोणत्या मुकादमाकडे आहे, कोणाचं घर कोणत्या महिन्यात बंद असतं, हे सगळं नावानिशी आहे. ते चुकीच्या हाती पडलं तर भाव पाडायला आणि चोरी करायला उपयोगी पडेल. नावांची यादी आणि माहितीचे कागद वेगळे ठेवा, दोन्हींत फक्त घर क्रमांक समान ठेवा, आणि ग्रामसभेत फक्त बेरजा वाचा. उचलीचे प्रश्न चार लोकांत विचारू नका. बायकांना वेगळं विचारा: पैसे नवऱ्याच्या हाती येतात, पण आजारपणात किती खाडे झाले, तळावर पाणी किती लांब होतं, धाकटं मूल कोणाजवळ ठेवलं होतं, हे त्याच सांगू शकतात. जायचं ठिकाण लिहिताना जिल्ह्याबरोबर राज्यही लिहा. बीडच्या बऱ्याच टोळ्या कर्नाटकात जातात, आणि १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. एकाच गल्लीतून निघालेल्या दोन टोळ्यांपैकी सांगलीला गेलेली त्याच्या बाहेर राहायची आणि बेळगावला गेलेली आत यायची.